काळी खुर्ची

हातात चहा असेल तर आधी खाली ठेवा. डार्मश्टाटच्या हॉस्पिटलात मी जी माती खाल्ली, ती ऐकताना एका मित्राच्या नाकातून चहा आला होता!

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दुखू नये म्हणून अफूच्या कुळातले थेंब देत होते. दुखणं थांबलं, पण सगळंच विचित्र शांत झालं. बाहेर नोव्हेंबरचं धुकं, आत पांढऱ्या भिंती. आणि पोट? एरवी माझं पोट मीटिंगमध्येसुद्धा गुरगुरतं. आता तिथे हाक मारली तरी ओ देणारं कोणी नाही!

सकाळी सिस्टर पावलं न वाजवता आल्या. कानाशी वाकून हळूच म्हणाल्या, "हॉयटे शोन श्टूल गेहाब्ट?"

श्टूल! पुण्यात जर्मनच्या क्लासमध्ये सरांनी घोटून घेतलं होतं, "श्टूल म्हणजे आपलं स्टूल नव्हे रे, खुर्ची!" म्हणजे बाई विचारत होत्या, आज खुर्ची होती का? कोपऱ्यात होती की! मी म्हटलं, "जा, जा." म्हणजे हो, हो.

मग त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना तेच विचारलं. आजोबा खुर्चीकडे टक लावून खिन्नपणे म्हणाले, "नाइन. काइन श्टूल."

नाही? अहो, समोर तर आहे!

दुसऱ्या दिवशीही तेच. मला दिसते, आजोबांना दिसत नाही. दुपारी चारलाच अंधारून आलं आणि ती रिकामी खुर्ची आपोआप करकरली. आमच्या घरात भुताखेतांवर कोणाचा विश्वास नाही, पण मी तोंडातल्या तोंडात त्रिशरण म्हणायला लागलो.

पुढच्या सकाळी सिस्टर जास्तच खोलात शिरल्या.

"कडक की मऊ?"

"कडक."

"रंग?"

"काळा."

त्यांचा चेहरा पडला. "काळा? आणखी काही?"

मी त्यांच्या मागे बोट दाखवलं. "चार पाय आहेत. आणि आत्ता तुमच्या पाठीशी आहे."

त्या सावकाश वळल्या. खुर्चीच्या आरपार बघितलं. "तिथे काहीच नाहीये," म्हणाल्या आणि पळाल्या! माझ्या पोटात भीतीचा गोळा आला. (गोळा आधीपासूनच होता, हे मागाहून कळलं.)

डॉक्टर धावत आले. "काळा म्हणजे आत रक्तस्राव असेल. शिवाय याला भास होतायत. पोटात दुर्बीण घालून बघू." ते ऐकून मी गयावया करायला लागलो, "नळी नको, खुर्ची बाहेर काढा!"

तेवढ्यात मुगाच्या खिचडीचा डबा घेऊन सासूबाई आल्या. नागपूरहून लेकीकडे आलेल्या, जर्मन अजिबात येत नाही.

"अहो आई, यांना ती खुर्ची दिसतच नाही! रोज विचारतात, श्टूल होती का म्हणून!"

सासूबाईंनी माझ्या फुगलेल्या पोटाकडे पाहिलं. "नीलेशराव, स्टूल विचारून राहिले ते. लॅबमध्ये डबीत देतात, ते. शी झाली का तुम्हाला?"

"...ऑपरेशन झाल्यापासून नाही."

हे मी लाजेनं लाल होत डॉक्टरांना सांगितलं, खुर्चीसकट. त्यांनी कपाळावर हात मारला. ते थेंब म्हणे दुखण्याबरोबर आतड्यांनाही झोपवतात. आतडी माल पुढे ढकलत नाहीत, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि सगळं जागच्या जागी दगड होतं. म्हणून तर रोज विचारायचं, आणि पेशंट "नाही" म्हणाला की पोट साफ व्हायचं औषध वाढवायचं. मी रोज छाती फुगवून "जा" म्हणत होतो!

करकरही भुताची नव्हती. खुर्ची हीटरला टेकलेली होती, तो तापला की लाकूड बोलायचं.

नळी टळली, पुड्या सुरू झाल्या. त्यानंतर सिस्टर दारात दिसताच एका सकाळी मी डोळ्यांत पाणी आणून ओरडलो, "जा! ग्रोस!" मोठी! आजोबांनी टाळ्या वाजवल्या.

सासूबाईंना राहवेना. त्यांनी फॅमिली ग्रुपवर सभ्य भाषेत कळवलं, "नीलेशरावांना अखेर खुर्ची मिळाली."

झालं! अभिनंदनांचा नुसता पाऊस. मामेसासऱ्यांनी लिहिलं, "जर्मनीत आपल्या माणसाला खुर्ची! ही काही बसल्या बसल्या मिळत नाही."

सासूबाईंचं लगेच उत्तर आलं, "बसूनच मिळाली. पण जोर फार लावावा लागला."