कापसाच्या खोलीतली कॅसेट

जड गिटारींचं, गळा खरवडून गाणाऱ्यांचं संगीत मला आवडतं, हे मी आता लपवत नाही. या वयात बाईला असलं काय आवडतं म्हणून लोक हसतात. हसू देत. पण माझ्या कपाटात एक कॅसेट आहे, ती मी कुणाला ऐकवत नाही. तिच्यापायी जे झालं ते सांगायचं तर आधी माझ्या मोठ्या मायच्या दातांचं सांगावं लागेल.

मोठी माय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. काका लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, तरी ती एकटी कापूस आणि ज्वारी करायची. गाव आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या अलीकडं, भीमपूरला उतरून तासभर पायी. तिचे दात म्हणजे दात होते! बोराची आठळी समोरच्या दातांनी कटकन फोडायची, आतला गर माझ्या हातावर ठेवायची आणि म्हणायची, "तुया बापाले जमते का, इचार." माझा बाप शाळामास्तर, भाजलेल्या हरभऱ्यालाही बिचकणारा.

नव्वद सालानंतरची दोनतीन वर्षं मी आदिलाबादला कॉलेजात होते, होस्टेलवर. माझ्या खोलीतली मुलगी हैदराबादची. तिचा भाऊ इंजिनिअरिंगला होता. तो कुठूनकुठून परदेशी बँड मिळवायचा आणि कोऱ्या कॅसेटींवर भरून बहिणीला पाठवायचा. तिला त्यातलं काडीचंही आवडत नसे, म्हणून त्या सगळ्या माझ्याकडे आल्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, टेपमध्ये फीत अडकली. दुसऱ्यांदा ऐकलं आणि रात्रभर डोक्यातून जाईना.

त्यातली एक कॅसेट मी किती वेळा ऐकली याला गणती नाही. तिची पहिली बाजू म्हणजे एकच गाणं. सुरुवातीला साधी गिटार, विहिरीत बादली सोडावी तशी हळू. मग ढोल येतात, आणि ते चार-चारच्या हिशेबात चालत नाहीत, सातवर वळतात. आणि मग तो आवाज. पोटातून, बेंबीच्या देठापासून. शब्द इंग्रजी असावेत, पण निम्मे मला कधी कळलेच नाहीत. कळायची गरजही नव्हती. लहानपणापासून 'हळू बोल' ऐकत मोठी झालेल्या पोरीला कुणीतरी तिच्या वाटचं ओरडून राह्यलंय, एवढं पुरेसं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी टेप आणि सेल घेऊन गावी आले. घरी लावलं तर माय धावत आली, "काय डुक्कर कापून राह्यली का वं?" बापानं टेप उचलून माळ्यावर ठेवला. मग मी तो गुपचूप काढला आणि मोठ्या मायकडं गेले. तिनं नुसतं म्हटलं, "जाय, कापसाच्या खोलीत लाव."

पहिल्या वेचणीचा कापूस आढ्यापर्यंत भरलेला. दुपारी आम्ही दोघी त्यात कमरेपर्यंत रुतून बसायचो. आवाज कापूस गिळतो, बाहेर काही जात नाही, असं मी शहाणीनं तिला सांगितलं होतं. कापूस बारीक आवाज गिळतो. जाड आवाज मातीच्या भिंतीतून सरळ पलीकडं जातो. विज्ञान शाखेत होते मी, हे मला ठाऊक असायला हवं होतं. भिंतीपलीकडं शेजारणीची खोली होती, आणि तिथं तिची सून बाळंतीण होती.

मोठी माय डोळे मिटून ऐकायची. पहिल्या दिवशी म्हणाली, "याच्या पोटात कळ मारून राह्यली वाटते." तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ढोलाचा एक पाय आखूड हाय." आणि बोटांवर मोजून दाखवलं तर बरोब्बर सात! मला ते ओळखायला महिना लागला होता. मी तिच्या गळ्यातच पडले. कुणालाच न आवडणारी गोष्ट आपल्या माणसाला आवडावी, याच्यासारखं सुख नाही.

सुट्टी संपली, टेप घेऊन मी होस्टेलवर परतले. ते गाणं मात्र तिच्याकडंच राहिलं. कापूस वेचताना ती ते म्हणायची. सात बोंडं, एक झटका, आणि तोंडानं तो पोटातला आवाज, घूंऽ घूंऽ. एकटी बाई, भर दुपारी, वावरात. शब्द कोणत्याच भाषेचे नाहीत. मराठी नाही, तेलुगू नाही, गोंडी नाही.

संक्रांतीला मी आले तेव्हा माय दारातच म्हणाली, "तिकडं जाऊ नको." शेजारणीच्या सुनेचं लेकरू दोन महिन्यांचं होऊन वारलं होतं. आधी ताप, मग आकडी. त्याआधी दुसऱ्या एकाचा गोऱ्हा मेला होता. मोठ्या मायच्या उंबऱ्यावर टाचण्या खुपसलेला लिंबू सापडला, तो तिनं पायानं उडवला, तेही लोकांनी पाहिलं. विहिरीवर बायका तिचा पोहरा पाण्याबाहेर येईस्तोवर मागं सरकून उभ्या राहायच्या. कुणी भांडत नव्हतं. भांडले असते तर बरं झालं असतं.

"करणी करते म्हनतात," माय म्हणाली. "भिंतीतून आवाज येत होता म्हने. अन् आता वावरात मंतर म्हनते."

आमच्या भागात करणीवालीचं काय करतात हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. समोरचे दात पाडतात. दात गेले की मंत्राचा उच्चार फुटत नाही, करणी लागत नाही, असं मानत. मारहाण नाही, गावाबाहेर काढणं नाही. पक्कड आणायची, दोन दात, झालं. नदीपलीकडून आणलेल्या भगतानं, मांत्रिकानं, तेच सांगितलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मारोतीच्या पाराजवळ बैठक होती.

मी बापाला म्हणाले, "मी टेप वाजवून दाखवते. गाणं हाय ते, बस." बाप म्हणाला, "तू बोलू नको. मी सांगतो." मास्तरचं गाव ऐकेल असं त्याला वाटत होतं. मलाही वाटत होतं.

बैठकीला निम्मा गाव होता. मोठी माय पाराखाली बसली होती, पदर नीट घेऊन, जशी लग्नाला आली. शेजारणीची सून बायकांच्या घोळक्यात होती, छातीशी लेकराचं रिकामं टोपरं धरून. तिच्याकडं मला पाहवेना. बापानं समजावून सांगितलं, बाहेरदेशी लोक असं गातात, मशीन आहे, मंत्र नाही. गावचे जुने पटेल म्हणाले, "बरं. लावा."

मी कॅसेट सुरुवातीला नेली आणि बटण दाबलं.

गिटार सुरू झाली. लोकांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं, खरंच. एक जण हसला, "अरे, हे तं गानं हाय बाप्पा!" पटेलांनी विडी काढली. तिथंच मी टेप बंद करायला हवा होता. पण मला ते गाणं आवडत होतं ना! पूर्ण ऐकलं की त्यांनाही कळेल असं वाटलं. ढोल आले, सातवर वळले, आणि मग तो आवाज आला. तोच, जो दिवाळीत भिंतीतून येत होता. तोच, जो वावरातून येत होता.

सून किंचाळली. "हेच! हेच व्हय! माया लेकराच्या उशाशी हेच येत होतं!"

पटेलांनी विडी खाली टाकली. टेप असल्याचं कुणी नाकारलं नाही, टेप सगळ्यांनी पाहिले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "ही कॅसेट कोनाची?"

सगळे माझ्याकडं पाहत होते. टेप माझ्याच हातात होता. माझी, एवढंच म्हणायचं होतं. मला शहरात शिकायचं होतं, माझं लग्न व्हायचं होतं, माझे दात माझ्या तोंडात होते, आणि बापानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटं बधिर झाली. ही सगळी कारणं मी नंतर जमवली. त्या वेळी मी नुसती भ्याले. भेकड निघाले मी.

"माही हाय," मोठी माय म्हणाली. "पोरीले मीच मंगवाले लावली. तिले काही समजत नाही त्यातलं."

तिनं माझ्याकडं एकदाच पाहिलं. मान हलवली, नाही म्हणून. मी नाही बोलले.

बापानं मला ओढत घरी आणलं. टेप पारावरच राहिला, आणि तो कुणी बंद केला नाही. हात लावायलाच कोणी तयार नव्हतं. घराच्या ओसरीवरून मला सगळं ऐकू येत होतं, ढोल, गिटार, तो आवाज. मोठ्या मायचा आवाज मात्र आला नाही. मी सात सात मोजत राहिले. बाजू संपली, बटण खट्‌ करून वर आलं, तोवर लोक पांगले होते.

बाप पोलीस ठाण्यावर जायला निघाला तेव्हा मोठ्या मायनंच अडवलं. तोंडाला लुगड्याचं धडपं लावून होती. नुसता हात आडवा धरला. टेप आणि कॅसेट तिनंच आणून दिली, पदराखाली झाकून.

मी आदिलाबाद सोडलं, हैदराबादला नोकरीला लागले. काही वर्षांनी तिथल्या एका कॉलेजच्या मैदानात पहिल्यांदा असला बँड समोर पाहिला. आपलीच पोरं, लांब केसांची, घामानं निथळणारी. गायक पोटातून ओरडला आणि शेकडो पोरांनी तोच आवाज काढून त्याला उत्तर दिलं, हात वर करून. छाती दणाणली माझी. केवढा आनंद झाला! आणि मी दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी होते, ते शेजारच्या मुलीनं विचारलं तेव्हा कळलं.

त्या दिवाळीत गावी गेले आणि मोठ्या मायला ते सांगितलं. ती आता बोरं पाट्यावर ठेचून खायची. बोलताना हवा निसटायची. मैदान, दिवे, ढोल, सगळं तिनं खोदून खोदून विचारलं. माफी मागायला आले होते मी, पण तिच्या प्रश्नांपुढं ते राहूनच गेलं.

"सातवर वळत होते का?"

"एक गानं वळत होतं."

"अन् सारेच तसे बोंबलून राह्यले होते? पोरीही?"

"पोरीही."

तिनं हातातलं ठेचलेलं बोर परत पाट्यावर ठेवलं.

"अन् कोनाचाच दात नाही पाडला?" तिनं विचारलं.