होणाऱ्या शहराचा इतिहास

आमच्या शिवारात रेल्वेच्या मोजणीचे दगड रोवले गेले आणि त्याच आठवड्यात गावाचं शहर झालं. म्हणजे झालं काहीच नव्हतं, पण सगळे तसं बोलायला लागले. तुळजापूरकडून धाराशिवला जाणारी गाडी आमच्या तळ्याच्या कडेनं जाणार, तिथंच स्टेशन होणार, असं पारावर ठरलं. तळ्याचं सरोवर झालं. महिनाभरात तळ्याकाठच्या माळावर 'लेक सिटी' असा फलक लागला. त्यावर पांढऱ्याशुभ्र राजहंसांचं चित्र होतं. आमच्या तळ्यात म्हशी बसतात. त्याही पाणी असेल तेव्हा.

उन्हाळ्यात सोलापूरहून एक जोडपं प्लॉट बघायला आलं. बाईंनी विचारलं, "लेक कुठं आहे?" सरपंचांनी भेगाळलेल्या चिखलाकडं हात केला आणि म्हणाले, "ह्योच की. सध्या साफसफाईला रिकामा केलाय." जोडप्यानं चहा घेतला नाही.

मी शाळेत इतिहास शिकवतो. त्यामुळं एक दिवस सरपंच घरी आले. "गुरुजी, शहराचा इतिहास लिहून द्या. ग्रॅनाइटवर कोरायचाय."

"कुठल्या शहराचा?"

"आपल्या. होणाऱ्या."

मी हसायला हवं होतं. पण गावात प्रथमच कुणी माझ्याकडं काही लिहून मागत होतं. दोन दिवस बसून मी लिहिलं. एक राणी देवीच्या दर्शनाला निघाली, वाटेत तिला तहान लागली, तिनं हे सरोवर खोदवलं. मुलांच्या उत्तरपत्रिकेत असली थाप दिसली असती तर मी लाल शाईनं कान उपटले असते. स्वतःच्या थापेला मात्र मी 'प्राचीन परंपरेनुसार' असं शेपूट जोडलं.

शिळेचं अनावरण तळ्याच्या बांधावर मंडप घालून झालं. अर्धं गाव जमलं होतं. पुढं म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या, त्यांत माझी आई. मी माइकवर मोठ्या ठसक्यात वाचत होतो. राणी तहानली, राणीनं आज्ञा केली, इथवर आलो आणि आई बसल्या जागेवरून म्हणाली, "कोणची राणी रं?"

मंडपात हशा पिकला. मी वाचत राहिलो.

"आरं थांब की. म्या होते इथं. मोठ्या दुष्काळात आमी खांदलंय हे. डोस्क्यावर टोपली घेऊन. राणी कुठं व्हती तवा?"

सरपंच हात जोडून म्हणाले, "मावशी, तुमचं वय झालंय. आठवणीत घोटाळा होतो."

तेव्हा आईशेजारची म्हातारी उठली. "माझ्या बी आठवणीत घोटाळा हाय का? तुझाच बाप मुकादम व्हता हितं. उशीर झाला की सुकडी द्यायचा न्हाय. लेकरं उपाशी ऱ्हायची आमची."

आता हसायला कुणी उरलं नव्हतं. दुष्काळी कामावर मजुरांना मिळणारं ते गोडसर पीठ मंडपातल्या निम्म्या लोकांच्या घरच्यांनी खाल्लं होतं. मी कागदाची घडी घालून माइकपासून बाजूला झालो. माझ्या आईनं हे तळं खोदलं हे मला माहीत नव्हतं, असं नाही. लिहिताना ते मला इतिहास वाटलं नव्हतं.

संध्याकाळी मी वही घेऊन आईपुढं बसलो. "कोण कोण होतं, सांग."

"आता कशाला? राणीला इचार जा," असं म्हणून तिनं आधी मला पुरतं लाजवलं. मग मात्र एकेक नाव सांगत गेली. कोण कुठल्या आळीची, कुणाचा पाय दगडाखाली सापडला, कोण पोटुशी असून खोऱ्यानं माती ओढत होती. एकेचाळीस बाया झाल्या.

यादी घेऊन मी सरपंचांकडं गेलो. ते म्हणाले, "गुरुजी, ग्रॅनाइटवर जागा न्हाय."

मग शाळेच्या भिंती रंगवणाऱ्या पेंटरला घेऊन मी सांडव्यावर गेलो. तळं भरलं की जादा पाणी बाहेर पडतं, त्या भिंतीवर आम्ही एकेचाळीस नावं ऑइलपेंटनं लिहिली. चौथ्या दिवशी सरपंच तिथं फोटोग्राफर घेऊन आले. यादीतल्या चौदा बाया अजून हयात आहेत आणि मतदानाला जातात, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. फोटोत ते मधोमध उभे आहेत, नऊ नावं त्यांच्या पाठीमागं झाकली गेलीत.

पुढं रेल्वेचा मार्ग पक्का झाला. स्टेशनची जागा डोंगराच्या पलीकडं, शेजारच्या गावात निघाली. "शहर तिकडून वाढत इकडं येईल," असं सरपंच सांगतात.

आईला मी स्कूटरवरून सांडव्यावर नेलं. तिला वाचता येत नाही. मी तिचं बोट धरून तिच्या नावावर ठेवलं. तिनं बोट अक्षरांवरून फिरवलं.

"लई बारीक लिवलंय," ती म्हणाली. "आन् माझ्या वरचं नाव कुणाचं?"