वार विचारण्याचं काम

मंगळवारी सकाळी साडेसातला भावजींनी आज गुरुवार असल्याचं सांगितलं. यकृतात शंट बसवून तेव्हा तीन दिवस झाले होते.

त्यांच्या यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरा गुठळ्यांनी बंद झाल्या होत्या आणि पोटात पाणी साठत होतं. डॉक्टरांनी मानेच्या शिरेतून आत जाऊन एक बारीक नळी, म्हणजे हा शंट, बसवली. रक्ताला वाट मिळाली. पण त्या वाटेने जाणारं रक्त यकृतात गाळलं जात नाही, ते तसंच मेंदूपर्यंत पोहोचतं आणि माणूस गोंधळू शकतो. म्हणून रोज वार विचारा, उत्तर चुकलं तर लगेच कळवा, असं त्यांनी माझ्या ताईला बजावलं होतं.

अडचण अशी, की भावजी सरळ उत्तर देत नाहीत. सोमवारी ते म्हणाले होते, "तू उलटतपासणी घेतेस म्हणजे कोर्टाचा वार."

"थट्टा नको हं," मंगळवारी ताई म्हणाली. "नीट सांगा."

"गुरुवार. सांगितलं ना!"

ती त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. जवळचा माणूस थट्टा करतोय हे आपण शब्दांवरून ओळखत नाही, त्यानंतरच्या हसण्यावरून ओळखतो. ते हसले नाहीत. ताईने बेल दाबली.

सिस्टरने त्यांना दोन्ही हात पुढे धरायला लावले. पंजे फडफडत होते, मेंदूवर परिणाम झाल्याची ती खूण. रक्तातलं विष शौचावाटे बाहेर पडावं म्हणून पोट साफ करणारं औषध सुरू झालं.

बुधवारी दुपारी पंजे स्थिर होते. ताईने वार विचारला.

"बुधवार," भावजी म्हणाले.

ती पुढच्या थट्टेसाठी आणखी थोडा वेळ थांबली. थट्टा आली नाही.