बोलणारी कुत्री हवी होती

नव्वदच्या दशकात ॲन आर्बरमधल्या मराठी बायका हिवाळ्यात व्हिडिओ कॅसेटी बदलायच्या, एकच दिवाळी अंक दहा घरी फिरवायच्या आणि कुठल्या दुकानात ताजी मेथी आली यावर तासभर फोनवर बोलायच्या. मीही हे सगळं करायचे. शिवाय रविवारी सकाळी गमबूट चढवून सशाच्या शिकारीला जायचे. मंडळाच्या गणपतीत ही बातमी फुटली तेव्हा एका काकूंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना गं?" घरी सगळं ठीक होतं. मी कोल्हापूरची, सशाचा तांबडा रस्सा बरा करते, आणि तो ओरपायला याच काकू काकांना घेऊन न चुकता हजर असायच्या.

या नादाला मला लावलं डॉक्टरांनी. आमच्या अपार्टमेंटच्या मागच्या कुंपणाला लागून त्यांचं घर होतं. आयुष्यभर लोकांचे दात काढून निवृत्त झालेले, बायको गेल्यापासून एकटे, आणि एकदा बोलायला लागले की आवरत नसत. मी दिवसभर विद्यापीठाच्या लॅबमध्ये काचेच्या नळ्यांच्या संगतीत असायचे, त्यामुळे मला ते आवडायचं. दोन हिवाळे त्यांच्या म्हाताऱ्या स्पॅनियलमागे मी बर्फ तुडवला. मग ती कुत्री गेली, आणि त्याच वर्षी काचबिंदूने डॉक्टरांची नजरही नेली. उजेड कुठे आणि अंधार कुठे, एवढंच कळायचं. त्यांच्या मुलीने ठरवलं, वसंतात घर विकायचं आणि वडिलांना आपल्याकडे ॲरिझोनात, चँडलरला न्यायचं. तिथे ना झुडपं, ना कुत्रा पाळायची सोय. म्हणजे हातात एकच हिवाळा होता. त्या हिवाळ्यात एकदा तरी आपला स्पॅनियल सशामागे पळताना ऐकायचा, एवढीच त्यांची इच्छा होती.

पण ऐकायचा म्हणजे तो बोलायला हवा. स्पॅनियल सहसा तोंड मिटून काम करतो. नाक जमिनीला लावून झुडपात घुसतो, ससा नाहीतर पक्षी उठवतो, आणि हे सगळं मुकाट्याने. माग काढताना भुंकणारा स्पॅनियल तिकडे खोडीचा समजतात. भुंकणारा हवा तर लोक बीगल पाळतात.

"मग बीगल घ्या की," मी म्हटलं.

"जन्मभर स्पॅनियल पाळले. आता या वयात पक्ष बदलू?" डॉक्टर म्हणाले.

बऱ्याच फोनाफोनीनंतर एका गावाबाहेर अशी स्पॅनियल पिल्लांसकट सापडली. तिचा मालक आम्हाला बघताच माफी मागायला लागला. पिल्लांची आई तशी गुणी आहे, पण वासावर भुंकते, मी आधीच सांगून ठेवतो, मग तक्रार नको. डॉक्टरांचा चेहरा असा फुलला की मालकाला वाटलं असावं, म्हाताऱ्याला ऐकूही येत नाही.

पिल्लू निवडायची डॉक्टरांची पद्धत त्यांची स्वतःची होती. सशाचं कातडं दोरीला बांधून मी ते गवतातून फरफटत नेलं आणि लांब एका झुडपात लपवलं. मग मालकाने एकेक पिल्लू सोडलं. डॉक्टर टोपी हातात घेऊन, मान खाली घालून कान देऊन उभे. पहिलं सरळ माझ्या बुटाची नाडी चावायला आलं. दुसरं माग धरून गेलं, पण गुपचूप. तिसरं सोडल्यापासून उगाच कोकलत होतं. "हे खोटारडं आहे," डॉक्टर म्हणाले. "वास नसताना बोलणारा कुत्रा काही कामाचा नाही. तो तुम्हाला दिवसभर फिरवतो." चौथी मादी होती. ती गवतात नाक खुपसून गेली आणि थोड्या अंतरावर तिने बारीक, चिरका आवाज काढला. पुढे माग वळला तिथे ती चुकली, आणि गप्प झाली. पुन्हा वास सापडला तसा पुन्हा आवाज. डॉक्टरांनी तिला आणखी एकदा सोडायला लावलं. पुन्हा तेच. "हीच," ते म्हणाले, आणि तिचे लांब कान बोटांनी चाचपत राहिले.

पिल्लू राहणार आमच्याकडे, कारण पायात कुत्रं आलं आणि तुम्ही पडलात तर मी आहे आणि तुम्ही आहात, असं मुलीने त्यांना फोनवर बजावलं होतं. नवऱ्याला मी शेवटच्या क्षणी सांगितलं. तो म्हणाला, "अगं, डॉग अलाउड आहे हे मान्य. पण भुंकणारं डॉग? मुद्दाम शोधून आणलेलं? मॅनेजमेंटने लीज कॅन्सल केलं तर कुठे जायचं, यार?"

इथे आमच्या राहणीबद्दल सांगायला हवं. लाकडी जमिनीची, कागदी भिंतींची ती अपार्टमेंटं. आपला आवाज शेजारी जाईल या धास्तीनेच आम्ही अर्धे झालो होतो. घरात चवड्यांवर चालायचो. मिक्सर दुपारीच लावायचा, तोही टॉवेल गुंडाळून. नारळ फोडायला खाली पार्किंग लॉटमध्ये जायचो. भारतात फोन लागला की मात्र सगळं विसरून ओरडायचो, ते वेगळं. अशा घरात ही बाई आली आणि कुकरच्या पहिल्या शिट्टीलाच तिने गळा काढला. आम्ही दोघं एकदम धावलो. "गप! गप बस!" दारावरची बेल वाजली, गप. पोस्टमन आला, गप. पिल्लू हुशार होतं, महिन्याभरात शिकलं. शिट्टी झाली की आमच्या तोंडाकडे बघायचं आणि आवाज गिळून टाकायचं. मंडळातल्या पाहुण्यांनी त्याच्या वळणाचं तोंडभर कौतुक केलं, आणि मीही फुशारले.

हिवाळा लागला. पहिल्या रविवारी डॉक्टरांना घडीच्या खुर्चीवर बसवून, हातात आल्याच्या चहाचा थर्मास देऊन मी तिला सोडलं. ती अशी सुंदर कामाला लागली की विचारू नका. काटेरी झुडपांत शिरली, ससा उठवला, शेपूट फिरवत त्याच्या मागावर गेली. सगळं मुकाट्याने.

"कुठे आहे ती?" डॉक्टरांनी विचारलं.

"ओढ्याकडे चालली आहे. ससा पुढे आहे."

थोड्या वेळाने पुन्हा, "आता?"

"आता वळली. लाकडांच्या ढिगाजवळ आहे."

"तू सांगू नकोस," ते म्हणाले. "कॉमेंट्री मला रेडिओवरही मिळते."

पुढचे बरेच रविवार असेच गेले. एका परतीच्या वाटेवर गाडीत त्यांनी विचारलं, "घरी हिला कोण गप्प करतं?"

"आम्ही दोघंही," मी म्हटलं. मला वाटलं, ते शाबासकी देतील.

त्यांनी मागच्या सीटकडे हात नेऊन तिचे कान चाचपले. मग म्हणाले, "तिला घर आणि रान वेगळं कळत नाही अजून. तोंड उघडलं की माणसं रागावतात, एवढंच तिला कळलंय. पहिल्या वर्षी भुंकण्यावरून रागवायचंच नाही, हे मी तुला सांगायला हवं होतं. पण एवढ्याशा पिल्लाला कोणी सतत दटावेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही." आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता उलटं शिक्षण सुरू झालं, आणि ते आम्हाला घ्यायचं होतं. मी बेसनाचे लाडू घेऊन खाली राहणाऱ्या अमेरिकन आजींचं दार वाजवलं. यापुढे आमची कुत्री भुंकेल, आम्ही तिला अडवणार नाही, कारण असं असं आहे, हे मोडक्यातोडक्या धीराने सांगितलं. आजींनी लाडूचा वास घेतला आणि म्हणाल्या, "भुंकू दे. पण रोज संध्याकाळी ती शिट्टी कसली वाजते? मी दोनदा आगीचा अलार्म समजून बाहेर येऊन उभी राहिले." मी त्यांना वर नेऊन कुकर दाखवला. नवऱ्याने त्या दिवशी टाचा टेकवून चालायला सुरुवात केली.

कुकर शिट्टीला आला की आम्ही दोघं पाठ करून उभे राहायचो, म्हणजे तिला आमची तोंडं दिसू नयेत. पहिले काही आठवडे काहीच नाही. फेब्रुवारीत एका संध्याकाळी वरणाच्या तिसऱ्या शिट्टीला तिने बारीक कुई केलं, आणि नवऱ्याने हातात आलेली टाळी कशीबशी दाबून धरली. पण रानात मात्र ती मुकीच. तिकडे डॉक्टरांचं घर विकलं गेलं, खोकी भरली गेली. मार्च संपत आला. शिकारीचा मोसम संपणार, आणि लगेच मुलगी न्यायला येणार. मला रात्री झोप लागेना. माणसाची एक इच्छा, आणि ती आम्ही शेजाऱ्यांच्या भीतीपोटी गिळून बसलो होतो.

शेवटच्या रविवारी बर्फ ओलसर होता. ससा तिच्या अगदी नाकापुढून उडाला. दचकून तिने एक किंकाळी फोडली, आणि लगेच थांबून मागे माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे पाठ केली. दुसरं मला काय येत होतं?

क्षणभर काही नाही. मग ओढ्यापलीकडच्या झुडपांतून आवाज आला. पिल्लाचा तो चिरका आवाज नव्हे. भरदार, एकामागून एक, न थांबता. डॉक्टर खुर्चीवरून उठले.

"वळला," ते म्हणाले. "चढावर निघाला. आता ती चुकली. थांब. सापडला." त्यांचं बोट हवेत आवाजाबरोबर फिरत होतं. ससा मोठा फेरा घेऊन, जिथून उठला तिथेच परत येतो, त्यामुळे तो कुठून येणार हे त्यांनी मला आधी सांगितलं, आणि तो तिथूनच आला. मी बंदूक उचलली.

"मारू नकोस," ते म्हणाले. "मारलास की ती थांबेल."

ससा माझ्या समोरून निघून गेला. मागून ती, कान उडवत, गळा फाडत. दुसरा फेरा. तिसरा. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं, नाहीतरी बघणारं कोणी नव्हतं. शेवटी ससा कुठल्या तरी बिळात शिरला असावा. आवाज तुटला, आणि ती धापा टाकत येऊन डॉक्टरांच्या बुटांवर पडली. ते वाकून तिची ओली पाठ चोळत राहिले.

"मी तुला कधी विचारलंच नाही," ते म्हणाले. "काळी आहे ना ही? माझ्या डोळ्यांपुढे पहिल्या दिवसापासून काळीच आहे."

"नाही," मी म्हटलं. "तपकिरी आहे. छाती पांढरी, नाकावर ठिपके."

त्यांनी तिच्या नाकावरून बोट फिरवलं. मग चाचपडत खुर्चीची घडी घालायला लागले.

"मग असं करू," ते म्हणाले. "काळी मी घेऊन जातो. तपकिरी तुझ्याकडे राहू दे."