टाचणीमास्तरांचं फ्रेंच

"लोक मूग गिळून गप्प बसतात, आमचे मास्तर टाचण्या धरून बसतात," असं काज-बटणं करणारे आप्पा प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगायचे. गिऱ्हाईक मास्तरांकडे बघायचं. मास्तरांच्या मिटलेल्या ओठांतून टाचण्यांची डोकी ओळीनं बाहेर डोकावत असायची आणि मास्तर नाकातून हसायचे. टाचणीमास्तर हे नाव आप्पांनीच पाडलेलं, आणि ते अंगाला असं बसलं होतं की कुठे सैल म्हणून नाही.

ही सवय वडिलांनी लावलेली. शिवण शिकायच्या दिवसांत एकदा तोंडात टाचण्या असताना मास्तरांना हसू फुटलं. वडिलांनी पाठीत असा रट्टा घातला की सगळ्या टाचण्या भिंतीवर. "तोंड उघडलंस तर गिळशील, मरशील," एवढंच ते म्हणाले. तेव्हापासून 'हो', 'नाही', 'परवा या' हे सगळं ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून यायचं आणि उरलेलं बोट सांगायचं. खांद्यावर बोट ठेवलं की 'इथं सैल का?' कमरेवर ठेवलं की 'इथं वाढलायत तुम्ही.' कुणाचं कधी काही अडलं नाही.

अडलं ते बायकोमुळे. ती दूर थंड देशात, फ्रेंच बोलणाऱ्या शहरात, एका वृद्धाश्रमात काम करायची. म्हाताऱ्यांना उठवायचं, धुवायचं, चादरी बदलायच्या. तिला नवऱ्याला बोलावून घेता येत होतं, पण नवऱ्यानं तिथली भाषा बोलून दाखवायला हवी होती, आणि ती परीक्षा दोनदाच देता यायची. पहिल्यांदा मास्तर आपटले होते.

"माझ्या खोलीत दुसरी खाट बसते, मी मापून बघितलंय," ती फोनवर म्हणायची. "खिडकीशी तुमचं मशीनही बसेल. फक्त जाड कोट घेऊन या. इथली थंडी हाडात शिरते."

मास्तरांनी कोट शिवला. काळा, लोकरीचा, आतून दुहेरी अस्तर. दुकानातल्या लाकडी पुतळ्याला तो घातला आणि रोज सकाळी ब्रश फिरवू लागले.

दुसऱ्या खेपेसाठी लावलेल्या शिकवणीच्या बाई म्हणजे निवृत्त हवाईसुंदरी. त्या काहीही बोलल्या तरी विमान सुटतंय असं वाटायचं. "आता आपण 'हा, ही, हे' शिकणार आहोत. कृपया सर्वांनी इकडे लक्ष द्यावं. 'स' म्हणजे हा. 'सेत' म्हणजे ही. 'से' म्हणजे हे सगळे."

मास्तरांना बरं वाटलं. हा-ही तर आपल्याही घरचेच. पण पुढच्या पाच मिनिटांत विमान हेलकावे खाऊ लागलं.

"शर्ट बाई आहे?" त्यांनी विचारलं.

"तिकडे आहे."

"पुरुषाचा शर्टसुद्धा?"

"सुद्धा."

"आणि खिसा?"

"खिसाही बाईच."

"मग कात्री तरी?"

"कात्री पुरुष. आणि एकच असली तरी अनेक."

मास्तर दुकानात येऊन खुर्चीवर बसले. "आप्पा, इतकी वर्षं मी कात्रीला बाई समजून सांभाळलं."

"म्हणून तर टिकली," आप्पा म्हणाले.

पण मास्तर हटले नाहीत. काम करता करता घोकायला लागले. बाहीवर बोट ठेवायचं, ही बाही, 'सेत मांश'. दोऱ्यावर बोट, हा दोरा, 'स फिल'. कात्रीवर बोट, 'से सीझो'. डोक्यात सगळं चोख. पण तोंडात टाचण्या, त्यामुळे बाहेर पडायचं ते एकच 'स्स्स्'.

"मास्तर, कुकर लागलाय की टायर बसलाय?" आप्पा विचारायचे.

बायकोलाही ते फोनच्या पडद्यावर करून दाखवायचे. बाहीवर बोट, 'स्स्स्'. खिशावर बोट, 'स्स्स्'. ती दिवसभर राबून आलेली, उशीवर डोकं टेकून बघायची आणि म्हणायची, "बरोबर. हेही बरोबर." ती बोट बघत होती. हे ना तिच्या लक्षात आलं, ना त्यांच्या.

बाईंच्या मात्र आलं. "मास्तर, ओठ उघडा. जबडा खाली सोडा."

मास्तरांनी घरी आरशासमोर प्रयत्न केला. तोंड रिकामं, तरी ओठ आपोआप मिटायचे. टाचण्या नसल्या की जीभ बावचळायची, भांडीकुंडी हलवलेल्या घरात माणूस फिरतो तशी.

परीक्षेच्या खोलीत माणूस समोर नव्हताच. एक पडदा, कानाला यंत्र, तोंडाशी माइक. पडद्यावर कापडाचं दुकान दिसलं. यंत्रातली बाई, राजघराण्यातल्या कुणाला सर्दी झाल्यासारखी, फ्रेंचमध्ये विचारती झाली, यातला कोणता शर्ट घ्याल?

मास्तरांना प्रश्न कळला. उत्तरही येत होतं. दुसऱ्या शर्टाची कॉलर एका बाजूला ओढली गेलीय हेसुद्धा त्यांनी पाहिलं. त्यांचं बोट निळ्या शर्टावर गेलं आणि तोंडातून आलं, 'स्स्स्'.

"काका, बोटाला मार्क नाहीत," मागून पर्यवेक्षक म्हणाला. "माइकमध्ये बोला."

मास्तरांनी जोर लावून तोंड उघडलं. त्याबरोबर त्यांचा तळहात आपोआप हनुवटीखाली गेला, पडणाऱ्या टाचण्या झेलायला. टाचण्या नव्हत्या. त्या रिकाम्या हाताकडे ते बघत राहिले, आणि 'सेत' गेलं, शर्ट गेला, सगळंच गेलं. यंत्रातल्या बाईनं पुढचा प्रश्न विचारला. मग त्याच्या पुढचा.

निकाल सांगायला शिकवणीच्या बाई स्वतः दुकानात आल्या. हातात शिवायचं कापड नव्हतं, तेव्हाच आप्पांनी मशीन थांबवलं.

"नाही झालं," बाई म्हणाल्या. आवाजात विमान नव्हतं.

"आणखी एकदा?" आप्पांनी विचारलं.

"दोनदाच असतं." त्या मास्तरांकडे वळल्या. "तुम्हाला येत होतं. मला माहीत आहे."

"हं," मास्तर म्हणाले.

बाई गेल्या. आप्पांना काहीतरी बोलायचं होतं, जन्मभर त्यांना शब्द कधी कमी पडले नव्हते. त्यांनी सुईत दोरा ओवला, काढला, परत ओवला.

संध्याकाळी एक आडदांड गिऱ्हाईक आलं. त्याला थंड मुलखात कामाला जायचं होतं. पुतळ्याकडे बघून म्हणालं, "हा कोट कोणाचा?"

मास्तरांनी कोटाकडे पाहिलं. "हा? हा कोणाचा नाही."

"वहिनींना एकदा विचारून तरी..." आप्पा म्हणाले.

मास्तरांनी कोट पुतळ्यावरून उतरवून गिऱ्हाइकाच्या अंगात घातला. खांद्यात घट्ट होत होता. त्यांनी त्याला आरशासमोर उभं केलं, डबीतून एकेक टाचणी घेत ओठांत धरली आणि खांद्याची शिवण उसवायला घेतली. त्यांची शिवण होती, सहज सुटत नव्हती.

फोन वाजला. रोज याच वेळेला वाजायचा.

"मास्तर, वहिनी," आप्पा म्हणाले.

मास्तरांनी ओठांकडे बोट केलं. टाचण्या आहेत.

"काढून ठेवा की घटकाभर."

मास्तरांनी पुन्हा ओठांकडे बोट केलं. फोन वाजून थांबला, मग परत वाजायला लागला. मास्तरांनी गिऱ्हाइकाच्या खांद्यावर बोट ठेवलं. इथं सैल का?

"हां, इथं," गिऱ्हाईक म्हणालं.