नानांचा एक जून

नानांच्या घरात कॅलेंडर नव्हतं. कॅलेंडरच्या खिळ्यावर त्यांची टोपी असे. शिंदखेड्याच्या आमच्या शाळेतले हे कारकून. महिना आणि साल सांगितलं, की डोळे मिटून अख्खं पान वाचून दाखवत, वार आणि सणांसकट. एकदा ड्रिलमास्तरांनी महिना न सांगता नुसतं साल सांगितलं. नाना जानेवारीपासून सुरू झाले. मधे थांबणं त्यांना जमत नसे. ऑक्टोबर येईपर्यंत मास्तरांचा तास बुडाला होता.

जूनमधली नवी भरती हा नानांचा खरा सण. खेड्यातल्या बाया पोराचा जन्म ज्वारीच्या हंगामावरून "दादर कापणीना टाइमले" असा सांगत. नाना मान डोलावत ऐकत आणि म्हणत, "कागद नाही? मग एक जून. शाळा उघडताना बरोबर सहाचा होतो." तारखांचा एवढा जाणकार माणूस शेकडो पोरं एकाच दिवशी जन्माला घाली. त्यात मीही होतो. पुढे तिथेच मास्तर झालो, तेव्हा माझ्या नोकरीच्या कागदावर ती तारीख त्यांनीच पुन्हा उतरवली.

मग त्यांच्या निवृत्तीचं पत्र आलं. तारीख एकतीस मे, कारण त्यांनाही कुणा कारकुनाने एक जूनच दिला होता. यंदाची भरती हुकणार म्हणून नाना कासावीस झाले. मी त्यांच्याबरोबर धुळ्याच्या शिक्षण कार्यालयात गेलो. नाना तिथल्या साहेबांना म्हणाले,

"साहेब, आई सांगायची, कानबाईना दिन जल्मना तू. कानबाई श्रावणात, रविवारी बसते. त्या साली एक जूनला गुरुवार होता!"

साहेबांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. ते चालू सालाचं होतं. "कागद आहे?"

परतीच्या एसटीत नाना एवढंच म्हणाले, "बरोबर विचारलं त्याने." मला त्यांच्याकडे बघवेना.

एकतीस मेला गळ्यातल्या हारासकट ते आमच्या घरी आले आणि आईपुढे बसले. "अक्का, हा कधीचा?"

"पोळाना दिन, नाना. बैल सजाडेल व्हतात."

नानांनी डोळे मिटले. मग चिठ्ठीवर तारीख आणि वार लिहून माझ्या हातात दिली. "तुझे अडीच महिने मी घेतले होते. हे घे. कुठे चालायचं नाही."

खरंच कुठे चाललं नाही. मीही एकतीस मेलाच निवृत्त झालो, माझ्या बरोबरीचे निम्मे मास्तरही. वाढदिवस मात्र चिठ्ठीतला करतो, आणि त्या दिवशी नाना हटकून आठवतात. एक तारीख खोटी, एक खरी. दोन्हींचं अक्षर त्यांचंच.