जारचं गोड पाणी

आमची सून सत्यशीला लग्नात भांड्यांबरोबर माशांची बरणी घेऊन आलेली बाई. लिंबागणेशात ती काळे मॉली मासे वाढवते; हे मासे अंडी नाही, थेट पिल्लं देतात. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड, की डाळ शिजत नाही. पण या माशांना तेच मानवतं.

एकदा ती पाटोद्याला गेलती. आमच्या छबुबाईला, म्हणजे तिच्या सासूला, माशांची दया आली. "आपल्याला हे पाणी सोसंना, त्या लेकरांला कावून पाजायचं?" म्हणत तिनं माशांच्या टाकीतलं पाणी काढून जारचं गोड पाणी भरलं.

सत्यशीला परतली तेव्हा गाभण माद्या पंख मिटून जागच्या जागी डुलत होत्या.

"आत्याबाई, पाणी बदललं का?"

"मरतेत का गं?" छबुबाईनं विचारलं.

मी घाईनं बोअरची बादली उचलली.

"मामा, थांबा! एकदम ओताल तर आत्ताच जातील."

ती वाटीवाटीनं बोअरचं पाणी घालत राहिली. एक मादी पोट वर करून तरंगू लागली, तशी छबुबाईनं डोळेच मिटले.

संध्याकाळी दुसरीनं पंख उघडले आणि दाणा टिपला.

"अगं, खातीय! उघड डोळे," मी म्हणालो.

"सगळ्या खाऊ द्या," छबुबाई म्हणाली, "मग उघडते."